चार महिने आणि चार वर्षे

लढायांचा इतिहास आपल्याकडे भरपूर लिहिला गेला आहे. कोणी कोणता किल्ला घेतला, किती तोफा, किती घोडे, किती कैदी, याचे आकडे शाळेतल्या मुलांनाही पाठ असतात. पण फौज निघून गेल्यावर मागे घरात जी स्त्री राहते, तिच्या दिवसांचा हिशेब तवारीख लिहिणाऱ्यांनी क्वचितच ठेवला. ती किती दिवस थांबली, तिला पत्र कोणी वाचून दाखवले, नवरा परतला तेव्हा दोघांची पुन्हा ओळख कशी झाली आणि तो परतलाच नाही तर तिचे काय झाले, हे सगळे घरगुती प्रश्न मानले गेले. इस्लामी इतिहासात मात्र याला एक ठळक अपवाद आहे. तो आपण मौलवींच्या बयानांतून अनेकदा ऐकलेला असतो. ऐकलेला असतो, पण बहुधा अर्धवट.

दुसरे खलिफा हजरत उमर फारूक (रजि.) यांची कारकीर्द इ. स. ६३४ ते ६४४ अशी दहा वर्षांची. या दहा वर्षांत अरब फौजा शाम, इराक, इराण आणि मिस्रपर्यंत पोहोचल्या. म्हणजेच मदिनेतल्या कितीतरी घरांतले पुरुष महिनोन्महिने बाहेर होते. खलिफा रात्री शहरात गस्त घालीत. अशाच एका रात्री एका घरातून त्यांना स्त्रीचा आवाज ऐकू आला. ती स्वतःशीच काव्याच्या ओळी म्हणत होती. रात्र सरत नाही, सोबतीला कोणी नाही आणि आपल्याला आवरून धरले आहे ते केवळ अल्लाहच्या भयाने, असा त्या ओळींचा आशय. चौकशी केली तेव्हा कळले, की तिचा नवरा जिहादवर गेलेला आहे.

बयान करणारे येथून थेट खलिफांच्या हुकमावर उडी मारतात. मधली पायरी मला जास्त मोलाची वाटते. हजरत उमर (रजि.) यांनी सेनापतींना बोलावले नाही, काजींनाही नाही. ते आपल्या मुलीकडे, उम्मुल मोमिनीन हजरत हफ्सा (रजि.) यांच्याकडे गेले आणि त्यांना विचारले, की स्त्री नवऱ्यावाचून किती दिवस धीर धरू शकते? बापाने मुलीला विचारायचा हा प्रश्न नव्हे. त्या लाजल्या, त्यांनी मान खाली घातली. तेव्हा खलिफा म्हणाले, की सत्य सांगायला अल्लाह लाजत नाही. हजरत हफ्सा (रजि.) यांनी बोटांच्या खुणेने तीन, फार तर चार महिने असे सांगितले. त्यावरून हुकूम सुटला, की कोणत्याही विवाहित शिपायाला चार महिन्यांहून अधिक काळ घरापासून दूर ठेवू नये.

रिवायतींत फरक आहे. काहींत मुदत सहा महिन्यांची येते आणि तिचा हिशेबही दिलेला आहे: एक महिना जाण्याचा, चार महिने छावणीतले, एक महिना परतीचा. उंटाच्या आणि घोड्याच्या चालीने केलेला हा हिशेब आहे. फकीहांनी या चार महिन्यांची सांगड सूरह बकराच्या २२६व्या आयतीशी घातली. पत्नीजवळ न जाण्याची शपथ घेणाऱ्या नवऱ्याला तिथे चारच महिन्यांची मुदत दिलेली आहे. ते खरेच आहे. पण त्या रात्रीचा प्रसंग सुरू झाला तो एका स्त्रीच्या बोलण्यातून, आणि निकाल लागला तो दुसऱ्या स्त्रीला विचारून. हे दोन दुवे गाळले, की उरते ते फक्त खलिफांचे औदार्य.

शिबली नोमानी यांचे 'अल-फारूक' हे चरित्र १८९९ साली प्रसिद्ध झाले. उर्दू शिकलेल्या घरांतून ते आजही सापडते. त्यात या खलिफांच्या दिनक्रमाची एक आठवण दिली आहे. ज्या घरांतले पुरुष मोहिमेवर गेले असत त्या घरांच्या दारांवर ते जात आणि बाजारातून काही आणायचे आहे का, असे विचारीत. रणभूमीवरून कासिद पत्रे घेऊन आला, की ती पत्रे स्वतः घरोघर पोहोचवीत. कासिद अमुक दिवशी परत निघणार आहे, तोवर जबाब लिहवून ठेवा, असे सांगत. कागद, कलम, दौत पुरवीत. आणि ज्या घरात लिहिणारे कोणी नसे, तिथे उंबरठ्याबाहेर बसून, आतून स्त्री सांगेल ते स्वतःच्या हाताने लिहीत.

इराण आणि रोम यांना हादरवणारा सत्ताधीश दाराबाहेर जमिनीवर बसून एका शिपायाच्या बायकोचा मजकूर उतरवून घेतो आहे, हे चित्र मला त्यांच्या कोणत्याही विजयापेक्षा मोठे वाटते. तिच्या घराला बाजारहाट लागतो, तिला निरोप धाडायचा असतो आणि तिच्या नवऱ्याच्या गैरहजेरीला राज्य जबाबदार आहे, अशी समजूत त्या चित्रामागे आहे. दिवान, म्हणजे वजिफ्यांची नोंदवही, हीसुद्धा याच काळातली. तीत शिपायांबरोबर त्यांच्या बायकामुलांचेही हिस्से लावलेले होते.

परतण्याचीही एक अदब होती. ती त्याआधीची, प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांच्या काळातली. हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. एका मोहिमेवरून परतताना मंडळी मदिनेच्या जवळ आली आणि घराच्या ओढीने घाई करू लागली. प्रेषितांनी त्यांना थांबवले. जरा दमाने घ्या, म्हणजे जिचे केस विस्कटलेले असतील ती विंचरून घेईल, जी बरेच दिवस एकटी होती ती स्वतःला नीटनेटकी करील, असा त्या सांगण्याचा आशय. दीर्घ प्रवासाहून आलेल्याने रात्री-अपरात्री, न कळवता घरच्यांच्या अंगावर जाऊन थडकू नये, असेही दुसऱ्या हदीसमध्ये आहे. टेहळणी केल्यासारखे किंवा घरच्यांच्या चुका पकडायला आल्यासारखे जाऊ नये, हाही त्यामागचा हेतू सांगितला जातो. दूर राहिलेल्या नवऱ्याच्या मनात संशय येतो आणि एकट्या राहिलेल्या बायकोच्या मनात संकोच असतो, हे ओळखून केलेली ही सूचना आहे. दोघांना एकमेकांसमोर येण्याआधी थोडी उसंत हवी असते. मुंबईच्या विमानतळावर आखाती देशांतून उतरणाऱ्या कोकणी भावांच्या घरच्या मंडळींना हे वेगळे समजावून सांगायला नको!

हजरत उमर (रजि.) यांच्याच काळात इराकमध्ये एक लष्करी ठाणे वसवले गेले. ते बसरा. मोहिमांचे अंतर वाढले, शिपायांना वारंवार मदिनेला परत धाडणे शक्य राहिले नाही, तेव्हा बसरा आणि कुफा या छावणी-शहरांत ते बायकामुलांसह राहू लागले. याच बसऱ्याच्या वाटेने, साधारण पावणेतेराशे वर्षांनी, आपल्या महाराष्ट्रातले शिपाई गेले.

नोव्हेंबर १९१४मध्ये हिंदुस्थानी फौज इराणी आखाताच्या तोंडाशी, फाव येथे उतरली आणि त्याच महिन्यात तिने बसरा घेतले. ही फौज होती सहावी, म्हणजे पुणे डिव्हिजन. तीत १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. या पलटणींच्या नावामुळे एक गोष्ट झाकली जाते. त्या काळच्या रचनेप्रमाणे मराठा पलटणीत आठ कंपन्या असत. सहा मराठ्यांच्या आणि दोन दख्खनी मुसलमानांच्या. देशावरच्या खेड्यांतले आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या या पलटणींत भरती होत आले होते. १९२२ साली या पलटणी एकत्र करून पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री रेजिमेंट उभी केली गेली. बेळगावचे ते केंद्र आपल्याला ठाऊक आहे; त्यातल्या मुसलमान कंपन्यांची आठवण मात्र ना मराठी इतिहासात नीट राहिली, ना उर्दू तवारिखांत.

महायुद्धात समुद्रापार गेलेल्या हिंदुस्थानी सैनिकांची आणि मजुरांची संख्या दहा लाखांच्या वर होती. त्यांतले सर्वाधिक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये होते. शिपायाचा पगार युद्धाच्या सुरुवातीला महिना अकरा रुपये. त्यातला काही हिस्सा घरी मनीऑर्डरने येई. पोस्टमन गावात आला, की अमुकचा नवरा जिवंत आहे हे कळे. पत्रापेक्षा मनीऑर्डर अधिक विश्वासाची होती. पत्र जुने असू शकते, पैसे थांबले की काहीतरी झाले आहे हे नक्की.

रजेचा प्रश्नच नव्हता. फ्रान्समध्ये लढलेल्या हिंदुस्थानी पायदळाला १९१५च्या अखेरीस तिथून हलवले ते बहुतांशी मेसोपोटेमियाकडे. मधे घरी पाठवले नाही. जखमी झालेल्यांना बरे करून पुन्हा आघाडीवर धाडण्यात येई आणि याबद्दल शिपायांत मोठी नाराजी होती. चार महिन्यांचा हिशेब इथे कोणाच्या स्वप्नातही नव्हता. चार-चार वर्षे माणूस घरी न आल्याची उदाहरणे सर्रास होती. सोळा-सतरा वर्षांची नवी नवरी सासरी येते, नवरा दोन महिन्यांत पलटणीत परत जातो आणि परतेपर्यंत ती वीस-एकविसाची झालेली असते. ही चार वर्षे तिने सासूच्या हाताखाली, दीर-जावांच्या घरात काढलेली असतात. मनीऑर्डर सासऱ्याच्या नावावर येते. तिच्या वाट्याला काय येते ते सासरा ठरवतो.

आणि पत्र? १९११च्या जनगणनेत हिंदुस्थानात शंभर स्त्रियांमागे जेमतेम एक साक्षर होती. म्हणजे शिपायाच्या बायकोने पत्र लिहिले असे आपण म्हणतो तेव्हा तिने ते सांगितले आणि दुसऱ्याने लिहिले, असा त्याचा अर्थ. हा दुसरा कोण? गावचा मास्तर, मुन्शी, मशिदीतले मौलवी किंवा घरातलाच लिहिता दीर. त्यांच्यासमोर ती काय सांगणार? उर्दू शाळेत आम्ही मुलांना खुतूतनवीसी शिकवतो तेव्हा एक ठरलेला मायना घोकून घेतो: सलाम मसनून के बाद वाजेह हो कि यहाँ सब खैरियत है और आपकी खैरियत खुदावंद करीम से नेक मतलूब है. मुले हे वाक्य हसत हसत पाठ करतात. पण या मायन्याच्या आड किती बायकांनी आपले दुखणे झाकले असेल! 'सब खैरियत है' हे लिहिणाऱ्याच्या हातचे तयार वाक्य होते. मूल दगावले, शेत गहाण पडले, सासूने जिणे मुश्कील केले, तरी पत्राची सुरुवात त्याच वाक्याने होई. शेवटी 'थोडे लिखे को बहुत समझना' हे आणखी एक ठरलेले वाक्य. मला वाटते, तिच्या मनातले जे काही पत्रात जाई, ते या शेवटच्या वाक्यातूनच जाई.

तिकडे पत्र पोहोचल्यावर ते पलटणीतला एखादा शिकलेला शिपाई मोठ्याने वाचून दाखवी. आणि त्याच्याही आधी ते सरकारने वाचलेले असे. १९१४ साली फ्रान्समध्ये हिंदुस्थानी टपालासाठी सेन्सॉर नेमला गेला. त्याचा प्रमुख होता एव्हलिन हॉवेल नावाचा अधिकारी. शिपायांची जाणारी-येणारी पत्रे उघडून, त्यांतली निवडक इंग्रजीत उतरवून, त्यांचे अहवाल वर पाठवले जात. फौजेचे मन कुठे झुकते आहे, एवढेच सरकारला जाणून घ्यायचे होते. या अहवालांमुळेच ती भाषांतरे लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत शिल्लक राहिली आणि १९९९ साली डेव्हिड ओमिसी या इतिहासकाराने त्यांतली कित्येक पुस्तकरूपाने छापली. इतिहासाला त्याचा फायदा झाला, हे मान्य. परंतु त्यांतली बहुसंख्य पत्रे पुरुषांची आहेत, आणि पंजाबी-पठाण शिपायांची जास्त. घरून आलेल्या पत्रांतला बायकांचा आवाज फारच थोडा, तोही मुन्शीच्या हातातून, मग भाषांतरकाराच्या इंग्रजीतून गाळून आलेला. दख्खनी मुसलमान शिपायाच्या घरातली स्त्री तर त्या गठ्ठ्यांत जवळजवळ नाहीच.

एका राज्यकर्त्याने उंबरठ्यावर बसून तिचे पत्र लिहून दिले, दुसऱ्याने तिचे पत्र फोडून वाचले. दोन्ही वेळा सत्तेच्या हातात तिचेच शब्द होते.

पुणे डिव्हिजन बसऱ्याहून वर वर सरकत नोव्हेंबर १९१५मध्ये टेसिफोनपाशी पोहोचली. हे जुने मदाइन. हजरत उमर (रजि.) यांच्याच काळात, हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांनी ते इराणी बादशहाकडून घेतले होते. शेजारीच हजरत सलमान फारसी (रजि.) यांची मजार, गावाचे नावच सलमान पाक. समोर तुर्की फौज, म्हणजे ज्याला सारे सुन्नी जग खलिफा म्हणत होते त्या सुलतानाची. आपल्या मुसलमान शिपायांनी त्या मजारीकडे कोणत्या मनाने पाहिले असेल? १९१६च्या आरंभी बसऱ्यात १५व्या लान्सर्स या रिसाल्याच्या मुसलमान स्वारांनी तुर्कांवर चालून जायला नकार दिला आणि शेकडो जणांना शिक्षा झाल्या. बाकीचे लढत राहिले. घरी पगार जात होता.

टेसिफोनला माघार घ्यावी लागली. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात जनरल टाउनशेंडची फौज कुत अल-अमारा या गावात वेढली गेली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिने शरणागती पत्करली. जवळजवळ पाच महिन्यांचा वेढा आणि त्या पाच महिन्यांत घरच्या टपालाचा रस्ता बंद. सुमारे तेरा हजार लोक कैद झाले, त्यांत बहुसंख्य हिंदुस्थानी. त्यांना बगदाद, मोसुल असे वाळवंटातून चालवत नेले. कित्येकांना रास अल-ऐन येथे बगदाद रेल्वेच्या कामावर जुंपले. उपासमार, हगवण आणि तापाने हजारो मेले. कोण कुठे मेला याची नोंद राहिली नाही.

सातारा, रत्नागिरी, पुणे, बेळगाव या भागांतल्या घरांवर याचा परिणाम एकाच शब्दात सांगता येतो: बेपत्ता. मृत्यूची खबर आली तर इद्दत आहे. चार महिने दहा दिवस. रडायला, सावरायला दिलेली मुदत. त्यानंतर स्त्री मोकळी होते. पेन्शनचा अर्ज करता येतो. पण बेपत्ता माणसाच्या बायकोला ना इद्दत, ना पेन्शनचा सरळ मार्ग, ना माहेरी परतण्याचा अधिकार. ती सधवाही नाही, विधवाही नाही. युद्धाने तिला अशा जागी आणून ठेवले जिथे फिक्हच्या किताबांतला एक जुना, कोरडा वाटणारा अध्याय तिच्या आयुष्याचा प्रश्न बनला. तो म्हणजे मफकूदचा, म्हणजे हरवलेल्या माणसाचा अध्याय.

त्याआधी दोन शब्द परत आलेल्यांविषयी. युद्ध नोव्हेंबर १९१८मध्ये थांबले, पण फौजा लगेच सुटल्या नाहीत. इराकमध्ये १९२०च्या उठावापर्यंत आणि त्यानंतरही हिंदुस्थानी पलटणी होत्याच. दरम्यान १९१८च्या जूनमध्ये मुंबई बंदरातून इन्फ्लुएंझा शिरला आणि पावसाळ्यानंतर त्याची दुसरी लाट खेड्यापाड्यांत पसरली. एकट्या मुंबई इलाख्यात दहा लाखांहून अधिक माणसे गेली. हिंदुस्थानात या साथीने तरुण बायका पुरुषांपेक्षा जास्त मेल्या, कारण आजाऱ्यांची सेवा त्याच करीत आणि अर्धपोटी त्याच असत. वाट पाहणारी आणि जिची वाट पाहिली जात होती, या दोन भूमिका येथे उलटल्या. तोफांतून वाचून घरी आलेल्या कित्येक शिपायांना दारात बायको भेटली नाही. आपल्या महाराष्ट्रातल्या अनेक गावांत चावडीपाशी संगमरवरी पाट्या आहेत: या गावातून इतके पुरुष महायुद्धात गेले, त्यांपैकी इतके कामी आले. मागे राहिलेल्यांपैकी किती कामी आल्या, त्याची पाटी नाही.

पुरुषांचीही नावे सगळ्यांना मिळाली नाहीत. ज्यांच्या कबरी सापडल्या नाहीत अशा चाळीस हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक बसऱ्यात उभारले गेले. त्यावर गोऱ्या शिपायांची नावे कोरली. हिंदुस्थानी अधिकाऱ्यांचीही कोरली. पण साध्या हिंदुस्थानी शिपायांची फक्त संख्या, पलटणीच्या नावाखाली. १९९७ साली सद्दाम हुसेन यांच्या हुकमाने ते स्मारक उचलून शहराबाहेर वाळवंटात नेण्यात आले. २०२१मध्ये कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनने आपल्याच कारभाराचा चौकशी अहवाल प्रसिद्ध केला आणि आशिया-आफ्रिकेतल्या सैनिकांची स्मृती जपताना भेदभाव झाल्याचे कबूल करून माफी मागितली. शंभर वर्षांनी.

आता मफकूद. हरवलेल्या नवऱ्याच्या बायकोने किती थांबावे, याविषयी सहाबांतच दोन मते आहेत. हजरत अली (रजि.) यांचे म्हणणे, की ती एका परीक्षेत सापडलेली स्त्री आहे, मृत्यूची किंवा तलाकची खात्रीलायक खबर येईपर्यंत तिने सबर करावा. हजरत उमर (रजि.) यांचा फैसला वेगळा होता. इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त तो नोंदलेला आहे: चार वर्षे थांबावे, मग चार महिने दहा दिवसांची इद्दत पाळावी, मग ती मोकळी. म्हणजे शिपायासाठी चार महिन्यांची हद्द घालणारे आणि हरवलेल्याच्या बायकोसाठी चार वर्षांची हद्द घालणारे, दोन्ही एकच. मुदत कोणतीही असो, तिला शेवट असला पाहिजे, ही त्यांची धारणा दोन्हीकडे दिसते. आणि तिने दुसरा निकाह केल्यानंतर पहिला नवरा आला तर? इमाम मालिक यांच्या मते मग त्याचा तिच्यावर हक्क उरत नाही.

हिंदुस्थानातले बहुसंख्य मुसलमान हनफी. हनफी फकीहांनी हजरत अली (रजि.) यांच्या मताचा आधार घेतला आणि हरवलेला माणूस त्याच्या बरोबरीचे लोक मरेपर्यंत जिवंत समजावा असे ठरवले. त्याचा हिशेब काहींनी नव्वद वर्षांच्या वयापर्यंत नेला, काहींनी त्याहून पुढे. कुतला पंचविशीत हरवलेल्या शिपायाची बायको या हिशेबाने १९८१पर्यंत त्याची बायको राहिली असती! याचा अर्थ उलेमांना हे दिसत नव्हते असा नाही. मौलाना अशरफ अली थानवी यांनी १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला 'अल-हीलतुन नाजिजा' हा ग्रंथ तयार केला. मदिनेच्या मालिकी उलेमांकडून फतवे मागवून, गरजेच्या प्रसंगी हनफींनी मालिकी मताप्रमाणे फैसला घ्यावा, असा मार्ग त्यात खुला केला. त्यामागे तातडीचे कारण होते. पंजाबात नको असलेल्या निकाहातून सुटण्यासाठी मुसलमान स्त्रियांना धर्म सोडल्याचे जाहीर करावे लागत होते. अल्लामा इक्बाल यांनीही आपल्या व्याख्यानांत याबद्दल खेद व्यक्त केला होता. दीन वाचवण्यासाठी केलेल्या कायद्याने दीन सोडायला लावावे, यासारखी विसंगती नाही.

काजी मुहम्मद अहमद काजमी यांनी १९३६ साली मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले आणि मार्च १९३९मध्ये मुस्लिम विवाहविच्छेद कायदा अस्तित्वात आला. नवऱ्याचा चार वर्षे ठावठिकाणा नसेल तर पत्नीला न्यायालयातून निकाह रद्द करून घेता येतो. त्याने दोन वर्षे पोटगी दिली नसेल तरीही. बेपत्ता नवऱ्याच्या बाबतीत हुकूमनामा सहा महिने स्थगित राहतो. या सहा महिन्यांत तो परतला आणि संसार करायला तयार आहे असे त्याने न्यायालयाला पटवून दिले, तर हुकूमनामा रद्द होतो. त्यानंतर नाही. परतणाऱ्यालाही दार, वाट पाहणारीलाही दार, असा हा नेमका बेत आहे. आपल्या समाजातल्या स्त्रीविषयक कायद्यांची चर्चा निघाली की सगळे भांडण तलाकवर येऊन थांबते. या कायद्याकडे फारसे कोणी बघत नाही. तो झाला त्याच वर्षीच्या सप्टेंबरात दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडले तेव्हा पुन्हा हजारो हिंदुस्थानी शिपाई जपान्यांचे कैदी झाले, घरी बायका पुन्हा बेखबर.

कायदा पुस्तकात असणे आणि गावात पोहोचणे यांत किती अंतर असते, हे कळायला आणखी पासष्ट वर्षे लागली. मेरठ जिल्ह्यातल्या मुंडाली गावची एक मुलगी. वर्तमानपत्रांनी तिला गुडिया या नावाने देशभर पोहोचवले. निकाहानंतर थोड्याच दिवसांत, १९९९ साली, तिच्या नवऱ्याला कारगिलच्या मोहिमेवर बोलावणे आले आणि तो बेपत्ता झाला. सैन्याच्या दफ्तरात त्याची नोंद पळून गेलेला शिपाई अशी झाली. म्हणजे बायकोला ना शहिदाची पेन्शन, ना सहानुभूती. उलट नवरा भ्याड असल्याचा डाग. प्रत्यक्षात तो पाकिस्तानच्या तुरुंगात होता. चारेक वर्षे थांबून २००३ साली तिच्या घरच्यांनी तिचा दुसरा निकाह लावला. तो न्यायालयाच्या हुकूमनाम्यावर उभा नव्हता. ऑगस्ट २००४मध्ये पहिला नवरा सुटून परत आला तेव्हा ती दुसऱ्या नवऱ्यापासून गरोदर होती, दिवस भरत आले होते.

त्यानंतर जे झाले ते अनेकांना आठवत असेल. एका वृत्तवाहिनीने आपल्या स्टुडिओत पंचायत भरवली. गावचे बुजुर्ग, मौलवी, दोन्हीकडचे नातलग आणि मधे ती, ओढणी डोक्यावर घेऊन, कॅमेऱ्यांसमोर. पहिल्याने तलाक दिलेला नाही, म्हणून पहिलाच निकाह कायम आहे, असा निवाडा झाला. पोटातल्या मुलाचे काय, यावरही सर्वांदेखत चर्चा झाली. हजरत हफ्सा (रजि.) यांना घरात, एकांतात, बापाने लाजत लाजत विचारलेला प्रश्न येथे कोट्यवधी लोकांच्या देखत एका गरोदर पोरीला विचारला जात होता. तोही असा, की उत्तर आधीच ठरलेले. चार वर्षांचा फैसला कोणाचा होता, इमाम मालिक काय म्हणतात, १९३९चा कायदा काय म्हणतो, हे त्या गर्दीत तिच्या बाजूने मांडणारे कोणी नव्हते.

ती पहिल्या नवऱ्याकडे परत गेली. तिला मुलगा झाला. प्रकृती मात्र खालावत गेली. २००६च्या जानेवारीत दिल्लीच्या लष्करी रुग्णालयात तिचा इंतकाल झाला, तेव्हा ती पंचविशीच्या आसपास होती.